उंद्रीवाल्याचा मेल

४ फेब्रु., बुध.
संपतभाऊ आजही माझ्या टायपिंगच्या दुकानात डोकावले, मिरचीची पोती एसटी स्टँडवर तशीच सोडून. "आलं का ताई उंद्रीवाल्याचं?" नाही आलं. त्यांच्या मुलीचा, वैशूचा बायोडेटा न् फोटो मीच इथून ईमेल केला, त्याला पंधरा दिवस झाले. मुलगा उंद्रीचा, नोकरी हैदराबादला. म्हटलं, भाऊ, त्याच्या घरी विचारून पाहा ना. तर म्हणे, "मुलीवाल्यानं मांगं लागनं बरं दिसत नाही." आपल्याकडे गप्प राहिले की नकारच धरायचा. तोंडावर नाही कोण म्हणतं!

५ फेब्रु.
वैशू आली. माझ्याकडेच टायपिंग शिकलेली पोरगी. "मॅडम, बाबा साखरखेर्ड्याच्या स्थळाले हो म्हनून राह्यले. रविवारी सुपारी." तिला ते नको. पुढे शिकू देणार नाही, असं पाहायला आले तेव्हाच सांगून गेले. उंद्रीवाल्याच्या बायोडेटात शिकण्याला ना नव्हती.  चहा पाजला.

६ फेब्रु.
अरे देवा. वैशूचंच काय, मला तरी कुणाचा मेल आला तीन आठवड्यांत? ना कागदवाल्याचा, ना बहिणीचा. मेल घ्यायला गेलं की स्क्रीनवर लाइन तुटल्याची पाटी येते, मी न वाचताच ओके दाबते. लाइन तर इथं रोजच तुटते! चिखलीच्या कम्प्युटरवाल्याला फोन. म्हणाला, लॉग चालू करा. प्रोग्रॅम काय काय करतो ते त्या फाइलीत ओळीनं लिहून ठेवतो.

७ फेब्रु., शनि.
फाइल उघडली. ११.०५ पासवर्ड बरोबर. तिकडे नऊ मेल थांबलेले. पहिला मागितला... आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा पहिल्यावरच. चारदा तेच! तो एवढा मोठा की आपल्या लाइनवर उतरत नाही, न् बाकीचे आठ त्याच्यामागे अडकून. वेबसाइटवरून पुसला. बहिणीचाच होता, भाच्याच्या जावळाचे फोटो. रागवू तरी कोणावर?
मग आठही धडाधड उतरले. त्यात उंद्रीवाला. तारीख २३ जाने. "बायोडेटा आवडला. १ तारखेला घरी येऊ का? उत्तर आलं नाही तर तुमचा नकार समजेन." खाली नंबर.
१ तारीख गेली.  रोज भाऊंना काही नाही, काही नाही सांगत होते मी.
भाऊंच्या घरी गेले, कुलूप. सगळे सुपारीच्या खरेदीला. त्यांना विचारल्याशिवाय मुलाला फोन तरी कसा करू?

८ फेब्रु., रवि., सकाळ
सातलाच मेल छापून तो कागद घेऊन गेले. अंगणात सतरंज्या अंथरून तयार. सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून. भाऊ भडकले. "आता काऊन आनला हा कागद? अकराले पाहुने येतीन, त्यांले काय तोंड दाखवू?" मला रडूच आलं. वैशूनं कागद घेतला, वाचला. "बाबा, त्यानं विचारलं होतं. आपनच उत्तर नाही देलं." भाऊ उठले. चपला घालून माझ्यासोबत दुकानात आले.
तेव्हापासून नंबर फिरवतेय, कुणी उचलत नाही. मधल्या वेळात हे लिहीत बसले. साडेदहा झाले. भाऊ समोर बसलेत, नवी टोपी मांडीवर.
"लावा ताई, अजून एकदा लावा."
लावते.