मला ओळखलं मी

बाळा,

तू लिहिलेला पिक्चर काल आम्ही दोघांनी पाहिला. त्यातल्या लबाड वकिलाला बघून बाबा पोट धरून हसले. "काय बेरकी माणूस आहे!" म्हणाले. स्वतःला ओळखलंच नाही त्यांनी.

मी मात्र मला ओळखलं. वकिलाची बायको कोर्टात शेजारणीविरुद्ध धडधडीत खोटी साक्ष देते, तिथे सगळं थिएटर हसलं. माझ्या तशाच साक्षीने शेजारच्या शिवणवाल्या काकूंचं घर गेलं. तुला सगळं ठाऊक होतं, तरी तू त्याचा विनोद केलास.

आज मी काकूंकडे चाललेय. खरं काय ते लिहून, सही करून देणार आहे. तुम्हा दोघांचं जेवण झाकून ठेवलंय.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. ते गोड बोलून मला पटवतील, आणि मला पुन्हा पटेल.

आई