तिसरा शिक्का

लेउवार्डन, गुरुवार

प्रिय दाऊवे,
थोरल्या बहिणीचे भरघोस आशीर्वाद.

आमच्या वृद्धाश्रमाच्या चार दिवसांच्या चालण्यातला तिसरा दिवसही मी पुरा केला. शिक्के मारणाऱ्या विल्माबाईंनी स्वतः कार्ड तपासलं आहे, तेव्हा शंका काढू नकोस. खुबा मोडला तेव्हा तूच म्हणाला होतास, "ताई, आता खिडकीत बसून बदकं मोज!"

आज पुलाच्या चढावर विल्माबाई चाकांची खुर्ची घेऊन मागे आल्या. "बसा हो जरा, शाउकियेबाई." बसलं की त्या दिवसाचा शिक्का गेला! मी म्हटलं, "तुम्हीच बसा, मी ढकलते." सगळे हसले. गुडघा किंचित सुजलाय. बर्फ लावलाय, काळजी नको.

तुझा खोकला थांबला का? मेंढ्यांची लोकर कातरून झाली?

उद्या दोन वाजता शेवटचा टप्पा. तिथे प्रत्येकाच्या घरचं माणूस ग्लॅडिओलसची फुलं घेऊन उभं असतं. हे पत्र आज संध्याकाळच्या बोटीवरच्या माणसाच्या हातीच पाठवतेय, तेव्हा तू बेटावरून सकाळच्या बोटीनं ये. माझे दोन्ही हात वॉकरवर असतील, म्हणून फुलं तूच धर आणि शेवटची वीस पावलं माझ्याबरोबर चाल. विल्माबाईंनी तुझं नाव लिहूनसुद्धा घेतलंय.

तुझी हट्टी ताई,
शाउकिये