माझं बुडालेलं पहिलं बक्षीस

३ जून
नव्या बसस्थानकाच्या भिंतीसाठी चित्रस्पर्धा होती. मुदत ३१ मे. माझं पाकीट पोचलं काल. कुरिअरवाला म्हणतो, साहेब, पाकीट चुकून दुसऱ्याच गावाला गेलं होतं. ह्याला काय होतंय सांगायला! उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवलेल्या माणसाचं पहिलं बक्षीस बुडालं. केस करणार. ठरलं.

४ जून
कस्टमर केअरला फोन. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं बाई सारखं सांगत होत्या. म्हणजे घाबरलेत. नंतर पावतीमागच्या अटी वाचायला घेतल्या. मुंगीएवढी अक्षरं. दुसऱ्या अटीला डोळा लागला. तरी मुद्दा कळला: चूक त्यांची.

६ जून, संध्याकाळ
मेहुणा वकील आहे. म्हणाला, भावोजी, उशीर झाला तर फक्त कुरिअरचा खर्च परत, असं पावतीवरच छापलंय. जास्त हवं असेल तर उशिरामुळेच नुकसान झालं हे सिद्ध करावं लागेल. मी विचारलं, सूर्य उगवतो हे सिद्ध करावं लागतं का? त्याने पावती माझ्या हातात परत ठेवली आणि आणखी चहा मागितला. हरला.

९ जून
कोर्टासाठी कोट काढला. पोटावर बसेना. उद्यापासून पहाटे फिरणे.

१० जून
पाय जड वाटले. शिवाय भाषणाची तयारी महत्त्वाची. आरशासमोर मोठ्याने 'माय लॉर्ड' म्हटलं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय?

१२ जून
जबरदस्त आयडिया! स्पर्धेच्या ऑफिसलाच पत्र टाकलं: चित्र वेळेत पोचलं असतं तर पहिलं आलं असतं, असा दाखला द्यावा. मेहुण्याने कपाळाला हात लावला. जळतो.

१९ जून
उत्तर आलं. बऱ्याच जणांची पाकिटं रखडल्यामुळे मुदत आठवडाभर वाढवली होती म्हणे. माझं चित्र परीक्षकांनी पाहिलं. निवड झाली नाही. खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'बकरी फार गोड आहे.'

तो घोडा आहे.

मेहुण्याला फोन करून सांगितलं, केस मागे घेतोय. कुठली, असं त्याने विचारलं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, लोकांना डोळे नाहीत. घोडाच आहे तो, पाठीवरचं खोगीर स्पष्ट दिसतंय की.

खोगीर नाही, मागचा ढग आहे तो. पण मी हो म्हटलं.