पदरातलं भेव

आई,

गोष्टीतल्या त्या बाईनं पदराची गाठ का सोडली नाही? मागच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे विचारलं. मला उत्तर येत नाही. लहानपणी मीही तुला हेच विचारलं होतं, आणि तेव्हा तूही ते दिलं नव्हतंस. वर्गाला मी म्हणाले, उद्या सांगते. तो उद्या येऊन गेला, त्यालाही आता आठवडा झाला.

ही गोष्ट तू मला वावरात सांगितलीस, कापूस वेचताना. घरी तुला वेळच नसे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुझ्या कमरेला ओटी बांधलेली, माझ्या कमरेला तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि बोंडांची टोकं लागून माझी बोटं चरचरतायत. मी रडायच्या बेतात आले की तू गोष्ट सुरू करायचीस. शेजारच्या ओळीतली काकू लगेच टोकायची, ''दिवसाढवळ्या गोष्टी सांगून राहिली का व? भाऊ वाट चुकन न तुहा.'' दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं आपल्याकडे म्हणतात, आणि माझा मामा तर कधीचाच घर सोडून गेलेला. तू मान वर न करता म्हणालीस, ''माह्या भावाले वाट ठाऊक हाये. येयाचं मन नाही त्याले.'' सगळ्या बायका हसल्या. तूही हसलीस. ते हसू किती कोरडं होतं ते मला आता ऐकू येतं.

गोष्ट आपल्या वऱ्हाडातलीच. साता समुद्रापार दोन भावांची लढाई जुंपते, तिकडचा कापूस तिकडंच अडकतो, आणि इकडं आपल्या बोंडाला सोन्याचा भाव येतो. गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा, बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं. अशा त्या वर्षांत एका बाईला मुलगा होतो. सटवी त्याच्या कपाळावर लिहायला येते, तेव्हा ती बाई म्हणते, याच्या वाटचं भेव मला दे. सटवी ते भेव काढून तिच्या पदरात टाकते आणि ती त्याची गाठ मारते. पोरगा बिनभेवाचा वाढतो. मिसरूड फुटायच्या आत कापसाची गाडी जुंपतो आणि म्हणतो, माय, मी दुनिया पाहून येतो. अमरावतीच्या बाजारात त्याला गाडी खाली करायची नसते, त्याला अकोल्याला जायचं असतं, कारण तिथं आगीनगाडी आलेली असते. ती माणसं खाते असं सगळे म्हणत असतात. वाटेत पूर्णेच्या डोहातल्या आसरा त्याला अडवतात. ''भेव दे, नाही त जीव दे.'' तो म्हणतो, ''भेव माह्यापाशी नाही, मावशी. जीव घेऊन पाहा.'' पाण्यातल्या त्या बाया बुचकळ्यात पडतात, कारण न भ्यालेल्या माणसाचा जीव कसा घ्यायचा हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. त्या बाजूला होतात आणि गाडी पार जाते.

पण तू दर वेळी तिथं थांबायचीस, आणि गोष्ट घरी न्यायचीस. तिकडं पोरगा डोहात उतरायचा तेव्हा इकडं त्याच्या मायचे पाय थरथरायचे. तो वाघाच्या वाटेनं गेला की ती भर उन्हात गोधडी मागायची. गाठ सोडली तर भेव ज्याचं त्याच्याकडं जाणार, आणि पोरगा आहे तिथून घराकडं वळणार. हे तिला माहीत होतं. तिनं गाठ सोडली नाही. पोरगा आगीनगाडीत चढला, गाडीनं शिटी मारली आणि गोष्ट संपली.

''मंग तिनं गाठ काऊन नाही सोडली?'' मी विचारलं.

''पुढची ओळ धर,'' तू म्हणालीस.

मला अमरावतीला शिकायला ठेवायचं ठरलं तेव्हा गावात कुजबुज झाली. पोरीची जात, एकटी राहणार. तू काकूला सांगितलंस, ''माही पोट्टी कोणाले भेत नाही.'' ते खरं नव्हतं, आई. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात मी नळाचं पाणी पिऊन रडले होते, कारण ते गोड होतं. भातकुलीकडच्या आपल्या खाऱ्या विहिरीची चव जिभेवरून गेली आणि मला वाटलं, आता मी कोणाचीच नाही. पण तू लोकांना सांगून ठेवलं होतंस, म्हणून मी न भिणारी मुलगी झाले.

बारावीच्या शेवटच्या पेपरनंतर बाबा फाटकाशी उभे होते. धुतलेलं धोतर, हातात रिकामी पिशवी. आधी त्यांनी विचारलं, पेपर कसा गेला. मी म्हणाले, चांगला गेला. मग ते म्हणाले, ''चाल, घरी जाऊ.'' एसटी अमरावतीबाहेर पडल्यावर त्यांनी सांगितलं. तू महिनाभर अंथरुणावर होतीस, आणि मला कळवायचं नाही असं तू त्यांच्याकडून वचन घेतलं होतंस. मी पोचले तेव्हा तू होतीस, पण बोलत नव्हतीस. दोन दिवस मी तुझा हात धरून बसले. तुला मी ओळखू आले की नाही, तेही मला माहीत नाही.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. निकालाच्या दिवशी बाबांनी गावभर पेढे वाटले. घरी येऊन डबा तुझ्या फोटोपुढं ठेवला आणि चपला न काढता तसेच वावरात गेले. मी आता अकोल्यात शिकवते. एक खोली आहे, तिच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते. शाळेतून आल्यावर कुलूप काढते तेव्हा आतलं सगळं सकाळी ठेवलं तसंच असतं. कपसुद्धा तिथंच. याची सवय व्हायला हवी होती, तू जाऊन अकरा वर्षं झाली. काही संध्याकाळी मी वर्गात सांगायच्या गोष्टी मोठ्यानं म्हणून पाहते, आणि मधे ''हूं'' म्हणणारं कोणी नाही म्हणून थांबते.

या उन्हाळ्यात मला एक जागा मिळाली. पार उत्तरेकडं, डोंगरातल्या लहान लहान शाळांतून दोन वर्षं शिकवायचं. जिथं बस जात नाही अशी गावं. मी कॉलेजात असल्यापासून हेच काम मनात धरलं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तू जाशील, तू कोणाला घाबरत नाहीस. तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस.

बाबांना सांगायला मी गावी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी सांगितलं, तसे म्हणाले, ''जा न. लय चांगलं झालं.'' तेवढ्यात काकू आली, आता पार वाकलेली, आणि भांडायलाच लागली. ''इले सांगा न जी भाऊजी, का मी सांगू? दिवाळीपासून दोनदा वावरात पडले हे. अमरावतीच्या डाक्टरनं सांगतलं, एकटं राहू नोका. अन् हे मले म्हणते, पोरीले सांगशीन त माही आण हाये तुले.''

बाबा काकूकडं पाहून म्हणाले, ''झालं समाधान तुहं?''

मी विचारलं, ''काऊन नाही सांगतलं, बाबा?''

''सांगून काय करतं? तू डाक्टर हायेस का?''

''पोरगी हाय न तुमची.''

''म्हणूनच नाही सांगतलं.'' मग माझ्याकडं न बघता, ''तुह्या मायनं तरी कुठं सांगतलं होतं.''

मी त्यांच्याजवळ बसले. इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. ''वावरात पडले तवा भेव वाटलं का तुमाले?''

''वाटलं न. कोणी नव्हतं त वाटनच.''

''मंग त्यातलं अर्धं मले द्याले पायजे होतं.''

''भेव काय भाकर हाये का,'' बाबा म्हणाले, ''अर्धी मोडून द्याले?'' ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले.

आई, तू गाठ का धरून ठेवलीस, याचा मी अंदाज बांधू शकते. वर्गातल्या मुलीलाही काही गोड उत्तर देऊ शकते. पण मला राग येतो, हे तुला सांगायला हवं. तू मला अंगणापलीकडं पाठवलंस आणि भेव स्वतःजवळ ठेवलंस. त्या महिन्यात माझ्या वाट्याला जे यायला हवं होतं, ते मला कधी मिळालंच नाही. बारावीत नापास झाले असते तरी चाललं असतं. एक महिना तुझ्या उशाशी बसायला मिळाला असता. हे लिहितानाही कळतं की मी आज जी कोणी आहे ती तुझ्या त्या हट्टामुळं आहे. म्हणून पुढचं लिहायला हात जड होतोय. तू एवढं सोसलंस ते मी जावं म्हणून, आणि मी गेले नाही.

मंगळवारी मी गावातूनच फोन करून त्या जागेला नाही म्हणाले. बाबांना अकोल्याला घेऊन आले. खोलीत त्यांना करमत नाही. दिवसातून तीनदा ते म्हणतात, इथल्या पाण्याला चवच नाही. वावर काकूच्या मुलाला मक्त्यानं दिलं. शाळेत सगळे म्हणाले, वडिलांसाठी केवढा त्याग केलास, आणि मी मान खाली घातली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुलाच खरं सांगते, त्याग वगैरे काही नव्हता. फोन ठेवला, बाबांना हाक मारली, आम्ही जेवायला बसलो, आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.