हौश्याचं आवतण

१२ ऑगस्ट
परभणीहून मंजुषाबाई आल्या. हवामान बिघडलं की मनंही बिघडतात, त्यावर नाटकातून इलाज करतात म्हणे! आमच्या ताडकळसच्या समाजमंदिरात बरीच माणसं जमली – निम्मी चहासाठी. "सितारामआबा, तुम्ही काय होणार?" म्हटलं, "बाई, या वयात व्हायचं ते होऊन गेलंय." शेवटी ढग झालो.

१३ ऑगस्ट
सगळ्यांनी ढगाला मनातलं बोलायचं होतं. लय बोलले! आमच्या गल्लीतली तानुबाई म्हणाली, "मुडद्या, बोलावलं तवा तोंड लपवतूस, आन् नगं तवा घरात घुसतूस!" बाई खूश – मोकळं व्हायलंय म्हणे. घरी येताना वाटेतही तिचं चालूच. म्हटलं, "तानुबाई, नाटक संपलं." "माझं कुठं संपलंय?"

१६ ऑगस्ट
शेजारच्या भुजंगाला त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, ओढून आणलं. भिंतीकडं तोंड करून बसला. गेल्या साली पोळ्याच्या आदल्या रात्री पूर आला, त्याच्या जोडीतला हौश्या बैल वाहून गेला. तेव्हापासून भुजंग रानात गेला नाही, कुणाशी धड बोलला नाही. 'पोळा अन् पाऊस झाला भोळा' म्हणत आम्ही म्हातारे झालो. आता पाऊस म्हणी ऐकत नाही! धुरपताबाई हळूच म्हणाली, "दादा, माझ्या डोळ्यादेखत वाळायलंय हे माणूस."

१८ ऑगस्ट
गुडघे धरलेत. ढगाला रजा मागितली. बाईंनी बढती दिली – बैल!

२१ ऑगस्ट, खांदमळण
आज मी हौश्या. पाठीवर झूल म्हणून वाकळ. चार पायांवर उतरलो. उठायचं कसं, ते नंतर सुचलं. बाई भुजंगाला म्हणाल्या, "ह्याला निरोप द्या." तो हलेना. मी हंबरलो. लोक हसले. पुन्हा हंबरलो – ते गुडघ्यापायी, पण खरंच निघालं!

भुजंग उठला. धुरपताबाईनं घरच्या बैलासाठी हळद-लोण्याची वाटी आणली होती, ती घेतली. माझे खांदे मळले. सावकाश, दोन्ही. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला सांगतात तसं कानाशी वाकला – "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आणि गळ्यात पडला. "मागल्या साली आवतण दिलं रं, जेवू घालायचं राह्यलं."

कुणी हसलं नाही. धुरपताबाईनं घाबरून विचारलं, "बाई, निरोप द्यायचा व्हता ना? चुकलं का ह्यांचं?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "राहू द्या. असंच राहू द्या."

मला चौघांनी उभं केलं.

२२ ऑगस्ट, पोळा
भुजंग दारात! ताटात पुरणपोळ्यांची चळत. "आवतण दिलंय. जेवा." बैलाच्या मापानं वाढत होता, नको म्हणायची सोय नाही. ताट रिकामं झालं तसा म्हणाला, "दादा, उद्या रानाकडं येता का संगं?"

येतो म्हटलं. पण जू मानेवर घेणार नाही!