जॉबर, शेठाणी आणि तुमचे बंधू

जोगेश्वरी (पूर्व),
मंगळवार, १७ नोव्हेंबर १९८७

तीर्थस्वरूप रुक्मिणीअक्कांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे मंजुळाचा, वाकून नमस्कार. (वाकून लिहिलंय, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसूनच समजा.)

तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? मुलुंडला हवा चांगली असं तुम्ही दर वेळी सांगता, मग खोकला का राहिला ते देवाला आणि त्यांच्या खिशातल्या विडीला माहीत. तुळशीची माळ घातल्यापासून तुम्ही आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नाही, त्याचा मला राग नाही. मासळीचं घर आहे आमचं, वास येणारच. झाली विचारपूस. आता मुद्द्याचं लिहिते. मी चौथी शिकलेली, ती पण गावच्या शाळेत, जिथे मास्तर अर्धा दिवस खाडीवर गळ टाकून बसायचे, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. हे सगळं दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावं म्हणून लिहितेय. माझं काही मागणं नाही.

सुरुवात उंदरांपासून झाली. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या चाळीत उंदीर इतके माजले की माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती. माझ्या दोन साड्या खाल्ल्या, मी ओरडले. मग तुमच्या बंधूंच्या मिलच्या पासाचा कोपरा खाल्ला. तो पास ते अजून पेटीत जपून ठेवतात (गेट बंद होऊन पाच वर्षं झाली, पण जपतात). मला वाटलं आता तरी हा माणूस ओरडेल. पासाकडे बघितलं, फुंकर मारली, परत पेटीत ठेवला. अक्का, तुम्ही लांब असता म्हणून तुम्हाला कळलं नसेल, पण संप झाल्यापासून तुमचे बंधू दिवसाला चार शब्द बोलायचे. सकाळी चहा, दुपारी बघू, संध्याकाळी हं, आणि कुणी आलं तर बसा. मध्ये साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगला लावून दिलं होतं. दोन महिन्यांत परत आले. का, ते सांगायला पाचवा शब्द लागला असता. मी किती बोलायची. माणसाने भिंतीशी बोलावं तर भिंतीपलीकडून निदान अंजनाबाई उत्तर देते.

त्याच अंजनाबाईने, आमच्या शेजारणीने, सांगितलं की घाटकोपरच्या बाजूला एका ट्रस्टची जागा आहे, तिथे टाकून दिलेली जनावरं सांभाळतात आणि चांगलं घर बघून फुकट देतात. मी म्हटलं चला, एक दांडगी मांजर आणू. तुमचे बंधू रिकामेच होते, त्यांना पिशवी धरायला घेतलं. (मांजर पिशवीतून आणायची असा माझा बेत होता.) तिथे जाऊन बघते तर काय, एखाद्या इस्पितळापेक्षा लख्ख. म्हातारे बैल, टांग्याचा एक आंधळा घोडा, लंगडी कुत्री, कबुतरं. वेळेवर खाणं, वेळेवर डॉक्टर, खाली पुसलेली फरशी. आयुष्यभर राबून घेऊन मग रस्त्यावर सोडलेल्यांची तिथे अशी सोय होती. आमच्या चाळीतल्या निम्म्या माणसांना तिथे भरती करावं असं माझ्या मनात आलं, पण फुकट मांजर न्यायला आलेल्याने जास्त बोलू नये म्हणून गप्प राहिले.

मांजर मी पाच मिनिटांत निवडली. करडी, बोक्यासारखं डोकं, बघणं असं की उंदराने जागेवर जीव सोडावा. वळून बघते तर तुमचे बंधू गायब. शोधलं तर एका कुत्र्याच्या पिंजऱ्यासमोर उकिडवे बसलेले. कुत्रा तांबडा, कान फाटका, मागचा पाय कुठल्यातरी टेम्पोखाली येऊन कायमचा ताठ. तुमचे बंधू तिथल्या झाडूवाल्याला म्हणाले, “ह्याचा पाय ओलाव्याने धरतोय. ह्याला फरशीवर नका ठेवू, खाली गोणपाट घाला.” मी मोजले, अकरा शब्द. एका दमात. मी त्याच क्षणी सांगून टाकलं की कुत्रापण द्या.

तिथली मोठी बाई म्हणजे जसुमतीबेन. पांढरी साडी, गोड बोलणं. तिने कागद पुढे केला, तो सगळा गुजरातीत छापलेला. वाचून दाखवू का म्हणाली. मी म्हटलं कशाला, आम्हाला लांब जायचंय. सही ठोकली. रेशनच्या, इस्पितळाच्या, मिलच्या किती कागदांवर आम्ही न वाचता सह्या केल्या, कधी काही बिघडलं नाही. (मिलच्या कागदाने बिघडलं, पण ते वाचूनही बिघडलंच असतं.)

आता ह्या दोघांचा आमच्या घरातला संसार ऐका. मांजर उंदराला घाबरते. ट्रस्टने तिला दूध-पोळी आणि खिचडीवर वाढवलेली, उंदीर हे खाणं आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. उंदीर येऊन तिच्या वाटीतलं दूध पितो आणि ती बाजूला बसून तो उठायची वाट बघते. दिवसभर कॉटवर उशी धरून असते म्हणून तुमच्या बंधूंनी तिचं नाव शेठाणी ठेवलं. कुत्र्याचं नाव जॉबर. मिलच्या खात्यात कामगारांवर ओरडणारा मुकादम असतो ना, तो जॉबर. हा दारात बसून अख्ख्या चाळीवर नजर ठेवतो, नळावर कुणी रांग मोडली की भुंकतो. अंजनाबाईच्या हंड्यावर दोनदा भुंकला, तेव्हापासून ती मला म्हणते, तुझा कुत्रा सरकारी आहे गं. वीस वर्षं जॉबर तुमच्या बंधूंवर ओरडला, आता हे दिवसभर जॉबरवर ओरडतात. पण ओरडतात ना. पहिल्या पाळीला उठायचे तसे उठतात, त्याला लेण्यांपर्यंत फिरवून आणतात आणि चालताना त्याला सगळं सांगतात. कुठला साचा, म्हणजे माग, कसा चालायचा, कोण कोणाच्या नावावर पाळी करायचं, साकीनाक्याच्या शेठने काय शिवी दिली म्हणून काम सोडलं. मला वीस वर्षांत सांगितलं नाही ते एका लंगड्या कुत्र्याला. मी मागून चार पावलं चालत सगळं ऐकून घेते. मला राग नाही. कुणालातरी सांगतायत.

आता त्या कागदाचं. श्रावणात एका सोमवारी जसुमतीबेन वही घेऊन हजर. जनावरं दिल्यावर ती कशी राहतात ते मध्येच येऊन बघतात, अशी त्यांची रीत. आमच्याकडे अळूचं फदफदं, वरणभात, उदबत्ती. बाई इतकी खूश की काय सांगू. म्हणाली, घणी शांती छे तमारा घरमां, आणि वर आम्हाला समजेल असं सांगितलं की सहीच्या कागदात लिहिलंच आहे, ज्या घरात आपलं जनावर राहील त्या घरात मांस, मच्छी, अंडं शिजणार नाही, शिजलं तर जनावर परत. अक्का, मालवणी माणसाने मासे न खाण्याच्या कागदावर सही केली, हे गावात कळलं तर आम्हाला वेशीच्या आत घेणार नाहीत. पण मी हसून मान हलवली. श्रावण होता, सध्यापुरतं ते खरंच होतं.

श्रावण संपला, गणपती झाले आणि मी गुपचूप सुरू केलं. खिडकी लावून, उदबत्ती पेटवून, काटे कागदात बांधून लांबच्या कचऱ्यात. शेठाणीला कोलंबीचं एक साल मिळालं आणि तिला आपला जन्म कशासाठी झाला ते समजलं. (उंदराला अजून घाबरते. मासा मात्र कापायच्या आधीच ओळखते.) जॉबरला आमटी-भात. सगळं झकास चाललं होतं.

गेल्याच्या गेल्या रविवारी साडेअकराला जसुमतीबेन न सांगता आली. तव्यावर बांगडे. अंजनाबाईने गॅलरीतून पांढरी साडी बघितली आणि भिंतीवर दोन थापा मारल्या (आमचं ठरलेलं होतं). मी तवा तसाच उचलून तिच्याकडे दिला, पाच उदबत्त्या एकदम लावल्या, कंबरेचं अमृतांजन उंबऱ्याला चोळलं आणि हात पुसत पुढे आले. बाईने नाकाला पदर लावला. मी सांगितलं, शेजारी मच्छी खातात, काय करणार, चाळ आहे. पलीकडून अंजनाबाई ओरडली, हो हो, आम्ही खातो, भरपूर खातो. (तिला एवढं बोलायला सांगितलं नव्हतं.) बाईला पटत आलं होतं. तेवढ्यात शेठाणी, जी जेवायलासुद्धा कॉटवरून उतरत नाही, ती कॉटखाली गेली, बांगड्याचं एक डोकं तोंडात धरून आली आणि पाहुणीला मान म्हणून तिच्या पांढऱ्या साडीवर ठेवलं.

तरीही मी सांभाळून घेतलं असतं. म्हटलं, शेजाऱ्यांकडून चोरून आणलं असेल मेलीने. बाईने तुमच्या बंधूंकडे बघितलं. पाच महिन्यांपूर्वीचा माणूस असता तर बघू म्हणाला असता आणि आम्ही वाचलो असतो. पण आता तोंड उघडलंय ना. ते म्हणाले, “बांगडा आमचाच आहे बेन. तीन आणले होते. ही खोटं बोलतेय, पण जनावरांसाठी बोलतेय.”

वाट लागली. बाई रागावली नाही, तेच वाईट. रागावली असती तर मी भांडले असते. ती हळू आवाजात म्हणाली की नियम तो नियम, पंधरा दिवस देते, नाहीतर गाडी येऊन दोघांना घेऊन जाईल. ती गेल्यावर तुमचे बंधू म्हणाले, मग मासे बंद करू. असे म्हणाले, जसं काही दार बंद करायचंय. मी केले बंद. चौथ्या दिवशी दुधीभोपळ्याकडे बघून मला रडू आलं. पाचव्या दिवशी अंजनाबाईकडे जाऊन बोंबलाचं कालवण खाऊन आले. घरी आल्यावर शेठाणीने माझी बोटं हुंगली, तुमच्या बंधूंनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. अक्का, त्या दिवशी रात्रीपर्यंत काही बोलले नाहीत. मी दिवसभर मोजत बसले. गाडी आली आणि जॉबर गेला, तर हा माणूस पुन्हा चार शब्दांवर येणार आणि मी पुन्हा भिंतीशी.

तर हे असं आहे. तुम्हाला कळावं म्हणून कळवलं. भावोजींना नमस्कार, तुमच्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला शेकून बांधा. इथे सगळे खुशाल.

तुमची भावजय,
मंजुळा

ता. क. बेनने जाताना सांगितलं होतं की शाकाहारी नातेवाईक असेल आणि जनावरं तिथे राहणार असतील तर चालेल, घर बघून ठरवू. मी तुमचा मुलुंडचा पत्ता देऊन टाकला आहे. येत्या रविवारी साडेअकराला येईल. घर आवरून ठेवा आणि माळ दिसेल अशी पदराच्या वर घ्या.

ता. क. दुसरं. मी म्हणत होते की रविवारपुरतं सांगायचं, पण तुमच्या बंधूंना खोटं सांगता येत नाही ते तुम्ही वर वाचलंच. जनावरं राहतात असं सांगायचं तर ती खरंच राहायला हवीत असं त्यांचं म्हणणं, आणि जॉबर त्यांच्याशिवाय जेवत नाही. तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिघं येतायत, राहायला. जॉबरला झोपायला गोणपाट लागतं, शेठाणीला उशी. एक सांगते, राग मानू नका. तुमचे बंधू बोलायला लागले की तुम्ही लहानपणापासून त्यांना गप बस म्हणता. ह्या वेळी म्हणू नका. मिलचं सांगतील, तेच तेच सांगतील. ऐकू नका हवं तर, पण म्हणू नका.

ता. क. तिसरं. पत्र काल बंद करून ठेवलं होतं, परत उघडलं. आज सकाळी हे जॉबरला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले ते दुपारीच आले. मी दार सताड उघडं ठेवून पापलेट तळलं, कुणाची भीती नाही, उदबत्ती नाही. ताटात घेतलं आणि दोन घास खाल्ले. बाकीचं अंजनाबाईला देऊन आले, ती विचारत होती खारट झालं का. खारट नव्हतं झालं. तेव्हा शनिवारी तिघं नाही, चौघं धरा. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, तुमचं वरण पातळ असतं ते मला माहीत आहे.