हेडाबाईंचे दोन टायर

डुलूथ, १२ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला रोझलिनचा नमस्कार. मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथे घरोघरी पेशंट तपासत फिरावं लागतं, म्हणून टायर बदलले. तुम्ही तिकडे उबदार जॉर्जियात वापरता तसे बारमाहीच मागितले. दुकानातल्या हेडाबाई म्हणाल्या, "पोरी, आधी अंगठा दाबून बघ." रात्रभर बाहेर राहिलेले दोन टायर त्यांनी पुढ्यात ठेवले. एक दगडासारखा कडक, दुसरा तेवढ्याच थंडीत मऊ. मी चकितच झाले. दोन्ही बारमाही, पण मऊ टायरच्या बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण होती, म्हणजे तो कडक हिवाळ्यातल्या बर्फासाठी पारखलेला. त्या रबरात वेगळं काय घालतात हो?

मी खुणेचे घेतले. शाळेच्या रिकाम्या, बर्फाळ आवारात पुन्हापुन्हा ब्रेक दाबून पाहिला. दर वेळी गाडी सरळ थांबली. मंगळवारी जुन्या टायरांवर उतारावर ती थांबली नव्हती. मला काही लागलं नाही, फक्त एका आजींची रस्त्याकडेला खांबावर बसवलेली पत्रपेटी मोडली. ती मी नवी बसवून दिली.

आईला हे सांगू नका. तुमच्या पसंतीचे बारमाही टायर घेतले, एवढंच सांगा. ते काही खोटं नाही.

तुमची, हल्ली फार सावकाश गाडी चालवणारी,
रोझलिन